घड्याळाशीं झुंज : एका जलद बुद्धिबळपटूचे गुणदोष

बुद्धिबळाचा पट मांडून दोन मित्र समोरासमोर बसले आहेत व संध्याकाळ केव्हां सरली याची त्यांस शुद्धहि नाहीं, हें दृश्य आतां विरळ होत चाललें आहे. हल्लींचा विद्यार्थी मोबाइलच्या पडद्यावर खेळतो. त्याचा प्रतिपक्षी पुण्यांत असेल, नाहीं तर पेरू देशांत असेल. डाव तीन मिनिटांचा असेल, नाहीं तर एकाच मिनिटाचा. "मी तासभर बुद्धिबळ खेळलों" असें मुलगा घरीं सांगतो, तेव्हां त्यानें तीस डाव उरकलेले असतात. अशा वेळीं वडिलांच्या मनांत सहजच प्रश्न येतो कीं, या खेळानें मुलाची बुद्धि वाढते कीं केवळ बोटें चपळ होतात? या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देण्यापेक्षां, या प्रकारांत जगांत अग्रगण्य गणल्या गेलेल्या एखाद्या खेळाडूचा अभ्यास करावा, त्याचें बळ कशांत आहे व तें कोठें अपुरें पडलें तें पाहावें, हा मार्ग अधिक चांगला. म्हणून प्रस्तुत लेखासाठीं अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा यास निवडलें आहे.

प्रथम परिभाषा थोडक्यांत सांगितली पाहिजे. प्रत्येक खेळाडूस संपूर्ण डावासाठीं दहा मिनिटें किंवा त्याहून कमी वेळ असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें त्या डावास ब्लिट्झ म्हणतात. दहा मिनिटांहून अधिक व साठ मिनिटांहून कमी असेल, तर रॅपिड. एक-दोन मिनिटांच्या डावास ऑनलाइन खेळणारे बुलेट, म्हणजे बंदुकीची गोळी, म्हणतात. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेंत मात्र पहिल्या चाळीस चालींसच प्रत्येकी दोन तास मिळतात; हें दीर्घ बुद्धिबळ होय. ऑनलाइन डावांत आणखी एक सोय आहे. प्रतिपक्ष्यानें चाल करण्यापूर्वींच आपण आपलें उत्तर योजून ठेवूं शकतों, आणि त्याची चाल होतांच तें क्षणार्धांत पटावर उमटतें. घड्याळांतला वेळ संपला कीं डाव गेला, मग पटावर आपला वजीर व दोन्ही हत्ती कां उभे असेनात! प्रतिपक्ष्याजवळ मात करण्याइतकें बळच उरलें नसेल, तरच तो बरोबरींत सुटतो.

नाकामुराचा जन्म १९८७ सालीं जपानांत झाला व दोन वर्षांचा असतांना तो अमेरिकेंत आला. त्याचे सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे आणि बुद्धिबळाचे नामांकित शिक्षक. अर्थात् घरांतच पाठशाळा होती. दहाव्या वर्षीं हा मुलगा मास्टर झाला, आणि २००३ सालीं, १५ वर्षें ७९ दिवस एवढ्या वयांत, ग्रँडमास्टर होऊन त्यानें बॉबी फिशरचा अमेरिकेंतील विक्रम मोडला. पालकांनीं येथें क्षणभर थांबावें. ग्रँडमास्टर ही पदवी जलद डावांवर मिळत नाहीं. तिच्यासाठीं कित्येक तास चालणाऱ्या डावांच्या स्पर्धांतच आपली पात्रता सिद्ध करावी लागते. म्हणजे ज्याच्या वेगाचें जग कौतुक करतें, त्याचा पाया अगोदर सावकाश भरलेला होता.

त्या पायावर उभारलेली इमारत खरोखरच उंच आहे. ऑनलाइन खेळाची 'स्पीड चेस चॅम्पियनशिप' म्हणून एक मोठी स्पर्धा असते. तिच्यांत दोघे प्रतिस्पर्धी प्रथम दीड तास पांच मिनिटांचे डाव, मग एक तास तीन मिनिटांचे, व शेवटीं अर्धा तास एक मिनिटाचे डाव, असे सलग तीन तास खेळत राहतात. (प्रत्येक चालीमागें एक सेकंद अधिक मिळतो, ही तेवढीच दया!) ही स्पर्धा नाकामुरानें २०१८ पासून २०२२ पर्यंत ओळीनें पांच वेळां जिंकली. २०२२ च्या अंतिम सामन्यांत मॅग्नस कार्लसनविरुद्ध त्याचे साडेचौदा गुण झाले व कार्लसनचे साडेतेरा. पुढल्या वर्षीं कार्लसननें साडेतेरा विरुद्ध साडेबारा अशी परतफेड केली. तीन तासांच्या धुमश्चक्रीनंतर दोघांत अंतर काय तें एका गुणाचें!

हें कसें साधतें? पुष्कळांची समजूत अशी कीं, जलद खेळणारा मनुष्य आपल्याहून शंभरपट वेगानें हिशेब करतो. ही समजूत खरी नव्हे. अमेरिकेंतील विल्यम चेस व हर्बर्ट सायमन या संशोधकांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें फार उपयोगी आहे. खऱ्या डावांतील मोहऱ्यांची मांडणी त्यांनीं केवळ पांच सेकंद दाखविली आणि ती आठवून पुन्हां मांडावयास सांगितली. मुरलेल्या खेळाडूस बहुतेक मोहरीं जागच्या जागीं आठवलीं, नवख्यास चार-पांच. नंतर तींच मोहरीं पटावर वाटेल तशीं विखरून दाखविलीं, तेव्हां मुरलेल्याचा बडेजाव जवळजवळ संपला. म्हणजे त्याची स्मरणशक्ति अलौकिक नव्हती. तो मोहरीं सुटीं न पाहतां त्यांचे समूह ओळखत होता. आपण "सूर्य" हा शब्द वाचतांना अक्षरें लावीत बसत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. नाकामुराचा पहिला गुण तो हाच. दहा सेकंद उरले असतां तो शोधीत नसतो, ओळखीत असतो. आणि ओळखण्याजोग्या आकृत्यांचा सांठा वर्षानुवर्षांच्या अभ्यासावांचून होत नाहीं.

दुसरा गुण चिवटपणाचा. डाव बिघडला म्हणून तो हात टेकीत नाहीं. प्रतिपक्ष्यास दर चालीला एक नवें कोडें घालतो. कोडें सुटण्यासारखें असलें तरी तें सोडवितांना घड्याळ चालूच असतें. तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. हरलेला डाव तो तत्काळ विसरतो. तीन तासांत वीस-पंचवीस डाव खेळावयाचे, त्यांत पांच-सात हरावयाचेच. जो पहिल्या पराभवाचा शोक करीत बसेल तो दुसराहि गमावील. परीक्षेच्या दिवसांत पहिला पेपर वाईट गेला म्हणून दुसऱ्यावर पाणी सोडणाऱ्या विद्यार्थ्यांस हा गुण घेण्याजोगा आहे.

आतां दुसरी बाजू. बुद्धिबळाचे जुने शिक्षक सांगत आले आहेत कीं, चांगली चाल सुचली तर थांबावें आणि तिच्याहून चांगली आहे काय तें पाहावें. जलद डावांत हा उपदेश पाळणारा मनुष्य बुडालाच म्हणून समजा. तेथें पहिली चांगली चाल हीच उत्तम चाल. परंतु वर्षानुवर्षें तसें खेळल्यानें मनास जी संवय जडते, ती दोन तासांच्या डावांत घराबाहेर ठेवून येतां येत नाहीं. नाकामुराच्या तरुणपणचा एक डाव प्रसिद्ध आहे. २००५ सालीं त्यानें आपल्या कृष्णन् शशिकिरण याच्याविरुद्ध दुसऱ्याच चालीस वजीर पटाच्या कडेला नेऊन ठेवला. ही चाल शाळेंतला नवशिका मुलगा करतो आणि शिक्षकांचीं बोलणीं खातो! ऑनलाइन डावांत अशा धिटाईनें प्रतिपक्षी गोंधळतो. शशिकिरणजवळ विचार करण्यास वेळ होता. त्यानें तो केला व डाव जिंकला. पुढें कार्लसनशीं दीर्घ डावांतहि असेंच दिसून आलें. २०१४ सालीं झूरिच येथें जिंकण्याजोगी स्थिति हातीं येऊनहि तो डाव नाकामुरा हरला, आणि दीर्घ डावांत कार्लसनवर त्याचा पहिला विजय २०१६ मध्यें, बिल्बाओ येथें झाला. जलद डावांत जो बरोबरीनें झुंजतो, त्यास दीर्घ डावांत एका जयासाठीं इतकीं वर्षें लागावीं, यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. माझें मत असें कीं, तीक्ष्ण दृष्टि चांगल्या स्थितीपर्यंत नेऊन पोंचविते. तेथून विजयापर्यंतची वाट संशयानें, पडताळ्यानें, कंटाळा न करतां चालावी लागते.

एक लहानशी गोष्ट केवळ हाताच्या संवयीची आहे. २०१६ च्या मॉस्को येथील कँडिडेट्स स्पर्धेंत लेव्हॉन अरोनियनविरुद्ध बरोबरी राखण्याच्या खटपटींत असतां नाकामुराचा हात राजास लागला. लाकडी पटावर ज्यास हात लावला तें मोहरें हलविलेंच पाहिजे. त्यास राजा हलवावा लागला आणि डाव गेला. पडद्यावर बोट टेकून उचलतां येतें, पुन्हां दुसरीकडे टेकतां येतें. पट इतका क्षमाशील नसतो.

याहून मोठी किंमत २०२२ सालीं पडली. दोन वर्षांहून अधिक काळ दीर्घ डावांपासून दूर राहून नाकामुरा त्या वर्षीं परतला, बर्लिन येथील स्पर्धा जिंकून सर्वांस थक्क केलें, व माद्रिद येथील कँडिडेट्स स्पर्धेंत दाखल झाला. चौदावी, म्हणजे शेवटची, फेरी उजाडली तेव्हां डिंग लिरेनशीं नुसती बरोबरी केली तरी दुसरा क्रमांक त्याचा होता. तो डाव डिंगनें जिंकला. कांहीं दिवसांनीं कार्लसननें आपण जगज्जेतेपद राखण्यास खेळणार नाहीं असें जाहीर केलें, आणि दुसऱ्या क्रमांकाचा मनुष्य थेट जगज्जेतेपदाच्या सामन्यांत जाऊन बसला. एप्रिल २०२३ मध्यें डिंग जगज्जेता झाला, आणि तोहि कसा? दीर्घ डाव बरोबरींत सुटल्यावर रॅपिड डावांत! नाकामुराचें जें खास रणांगण, त्याच्या दाराशीं येऊन तो अर्ध्या गुणासाठीं बाहेर राहिला.

पुढील हकीकतींत आपल्या महाराष्ट्राचा भाग आहे. २०२४ सालीं टोरांटो येथें पुन्हां कँडिडेट्स स्पर्धा झाली. नाकामुरा यावेळीं सलग ४७ दीर्घ डाव अपराजित राहून आला होता; म्हणजे वर सांगितलेले दोष त्यानें पुष्कळ अंशीं घालविले होते, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. दुसऱ्याच फेरींत नाशिकच्या विदित गुजराथीनें काळ्या मोहऱ्यांनिशीं खेळून, राजापुढल्या प्याद्यावर उंट झोंकून, त्यास हरविलें. नवव्या फेरींत विदितनें त्यास पुन्हां हरविलें. स्पर्धेअखेर गुकेशचे नऊ गुण झाले आणि नाकामुराचे साडेआठ. येथें त्याचा तो तिसरा गुणहि पुरा पडला नाहीं, असें मला वाटतें. जलद सामन्यांत हरलेला डाव पांच मिनिटांत भरून काढतां येतो. चौदा डावांच्या स्पर्धेंत गेलेला गुण परत मिळविण्यास दिवसेंदिवस वाट पाहावी लागते, आणि तेथें डाव विसरून भागत नाहीं. तो कां गेला हें त्याच रात्रीं समजून घ्यावें लागतें.

आतां आपल्या विद्यार्थ्यांनीं काय करावें? जलद डाव बंद करा असें मी सांगणार नाहीं. त्यांनीं माहीत असलेलें ज्ञान हातांत खेळतें राहतें, सुरुवातीच्या चाली घोटल्या जातात, घड्याळाची भीति मोडते. मात्र त्यांनीं नवें ज्ञान फारसें येत नाहीं. दहा डाव झाले कीं थांबावें. त्यांतील सर्वांत वाईट हरलेला एक डाव निवडावा आणि खऱ्या पटावर मांडून त्यावर निदान पाऊण तास घालवावा. यंत्राचें मत शेवटीं पाहावें. प्रथमच पाहिलें तर उत्तर मिळतें, पण विचार यंत्राचा होतो. चूक सांपडली कीं ती मराठींत एका वाक्यांत वहींत लिहावी: "प्रतिपक्ष्याच्या घोड्याकडे पाहिलें नाहीं," "हत्तींची अदलाबदल उगाच केली." महिन्यानें वही चाळली असतां चुका शंभर दिसतील, परंतु त्यांच्या जाती चार-पांचच निघतील. पालकांनींहि "किती डाव जिंकलास?" असें न विचारतां "आज कोणता डाव पाहिलास?" असें विचारावें. बुलेट डाव लहान मुलांस मुळींच देऊं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. ज्याच्याजवळ ओळखण्याजोग्या आकृत्यांचा सांठाच नाहीं, तो एका मिनिटांत काय ओळखणार?

ज्यांस हा फरक स्वतः अनुभवावयाचा असेल, त्यांनीं टोरांटोचा तो दुसऱ्या फेरीचा डाव मिळवावा व विदितनें उंट दिला त्याच्या आधींच्या चालीपर्यंत पटावर मांडावा. पुढील चाली झांकून ठेवाव्या. काळ्याची बाजू घेऊन एका मिनिटांत सुचेल ती चाल कागदावर लिहावी आणि कागद उलटा ठेवावा. मग घड्याळाकडे पाठ करून वीस मिनिटें बसावें, दुसऱ्या कागदावर पुन्हां चाल लिहावी, व तिच्याखालीं प्रतिपक्ष्याचें उत्तर काय येईल तेंहि लिहावें. त्यानंतर दोन्ही कागद शेजारीं ठेवून झांकलेल्या चाली उघडाव्या.