ग्रीस सावरला, पण किती?

प्रश्न : ग्रीस मंदीतून बाहेर पडला असे वाचनात येते. मग तिथल्या सामान्य माणसाला बरे दिवस आले का?

उत्तर : सरकारची तिजोरी सावरली आहे; घरांचे अजून तसे झालेले नाही. २००८ नंतरच्या काही वर्षांत ग्रीसचे सुमारे एक चतुर्थांश उत्पन्न बुडाले. २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. २०१५ च्या उन्हाळ्यात बँका बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो मिळत. निवृत्तिवेतनासाठी म्हातारी माणसे बँकांच्या दारात ताटकळत उभी असत.

आज चित्र पालटले आहे. २०१८ मध्ये बचाव-कर्जाचा कार्यक्रम संपला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज ग्रीसने २०२२ मध्ये, म्हणजे मुदतीच्या दोन वर्षे आधीच फेडले. बेरोजगारी १० टक्क्यांच्या आसपास उतरली. पर्यटन जोरात आहे.

मात्र पगाराचा हिशेब पाहा. किमान वेतन २०१२ मध्ये महिना ७५१ युरोंवरून ५८६ वर आणले गेले. २०२५ मध्ये ते ८८० झाले. आकडा मोठा दिसतो, पण मधल्या तेरा वर्षांची महागाई आणि अथेन्समधले वाढलेले घरभाडे वजा केले की हातात फारसे उरत नाही.

पुढे काय? वाढ चालू राहील, पण संथ. मंदीत लाखो शिकलेले तरुण जर्मनी, ब्रिटनला गेले आणि जन्मदरही घसरला. कर्ज फेडता येते, ही माणसे परत आणणे त्याहून कितीतरी अवघड आहे. म्हणून वाढीच्या टक्क्यांपेक्षा पगार आणि घरभाडे यांच्यावर नजर ठेवावी.