बधिरांच्या शाळा आणि हातांची भाषा

इटलीतील मिलान येथे १८८० साली बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बधिर मुलांना खुणांनी नव्हे, तर उच्चार व ओष्ठवाचन यांच्याच द्वारा शिकवावे, असा ठराव तीत संमत झाला. मत देणारे जवळजवळ सर्वच ऐकू येणारे होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भारतातील पहिली बधिर-शाळा पुढे अल्पावधीतच मुंबईत निघाली, दिल्लीची लेडी नॉईस शाळा १९३१ मध्ये. आणि मौखिक पद्धतीच देशात रूढ झाली.

या पद्धतीची अडचण समजण्यास आरसा पुरे. ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे शब्द उच्चारताना ओठ सारखेच मिटतात. ऐकणारा मनुष्य संदर्भावरून उरलेले जुळवून घेतो. परंतु जन्मतः बधिर मुलाने ती भाषा कधी ऐकलेलीच नसते. शिवाय बहुतेक बधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असल्यामुळे घरीही त्याला खुणांची भाषा मिळत नाही. ती मिळते मधल्या सुट्टीत, थोरल्या मुलांकडून. खरी शाळा तेव्हाच भरत असे, म्हटले तरी चालेल.

या खुणा म्हणजे ओबडधोबड अभिनय नव्हे. स्वतः बधिर असलेले मदन वसिष्ठ आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास केला. शब्द काहीसे भिन्न, पण व्याकरण बव्हंशी एक, असे त्यांना आढळले. प्रश्नवाचक खूण येथे वाक्याच्या अखेरीस येते: ‘तो – जाणे – कोठे’.

दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात २०१८ मध्ये ३,००० आणि २०२१ मध्ये १०,००० शब्द होते. पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्याचा करार २०२० साली एनसीईआरटीशी झाला. त्याच वर्षीच्या शिक्षणधोरणाने भाषेच्या प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला. मात्र प्रमाणीकरणाच्या भरात मुंबईची खूण चुकीची व दिल्लीची तेवढी शुद्ध ठरू नये.

कोशाहून बिकट प्रश्न शिक्षकांचा आहे. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमणे हे २०१६च्या कायद्याने शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. ही भाषा शिकविण्याची पदविका दिल्लीच्या केंद्रात बधिर तरुणतरुणींना घेता येते. त्यांना वर्गात नेमावयाचे की केवळ साहाय्यक म्हणून बाहेर बसवावयाचे, हे शाळांनी ठरवावयाचे आहे.