घासाच्या मुळांचा जमाखर्च

सोलापूर जिल्ह्यात ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्या शेतकऱ्याकडे लसूणघासाचा एखादा वाफा बहुधा असतोच. एकदा पेरला की तीन वर्षे तो पुन्हा पुन्हा कापता येतो, आणि दुभत्या जनावराला तर फारच मानवतो. वाफ्याचे एक टोक कडुनिंबाच्या सावलीत येत असेल, तर तिथे एक गोष्ट नीट पाहा. सावलीतला घास आरंभी उंच आणि कोवळा दिसतो. दोन-तीन कापण्या झाल्या की तोच विरळ होतो आणि मोकळ्या जागेत हरळी शिरते. झाडाची मुळे पाणी ओढतात हे खरे. पण पाणी मुबलक दिले तरी हे पुष्कळदा घडते. असे का व्हावे?

यासाठी जमिनीखाली जायला हवे.

घासाचे पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते. ही त्या रोपाची मिळकत. तिचा काही भाग पाने-खोड वाढविण्यासाठी, तर काही सोटमुळाकडे जातो. कापणीनंतर रोपाला पानेच उरत नाहीत. तेव्हा नवे फुटवे निघतात ते मुळात साठवलेल्या शिदोरीवर. म्हणून तर पेरणीनंतर पहिली कापणी 55-60 दिवस थांबून करतात.

सावलीत मिळकत घटते. शिवाय झाडाची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतितांबडा खाली सोडतात. रोपातील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा फरक ओळखते. रोपाला जणू कळते की वर कोणीतरी आहे. मग ते साखर खोड आणि देठ लांबविण्यावर खर्च करते, आणि मुळाच्या वाट्याला थोडकी येते. घास उंच दिसतो तो यामुळे. तो मोठा झालेला नसतो, नुसता ताणलेला असतो! त्यात आपण नेहमीच्या 25-30 दिवसांच्या पाळीने कापत राहिलो, तर शिदोरी भरण्याआधीच ती संपते.

आता निकस जमिनीचे पाहू. सोलापूरकडे खोल काळी जमीन आहे, तशी वीतभर मातीखाली मुरूम लागणारी उथळ जमीनही पुष्कळ आहे. दोन्हींत बहुधा चुनखडी असते. ती स्फुरदाला धरून ठेवते, त्यामुळे मातीत स्फुरद असूनही रोपाला मिळत नाही. शिवाय स्फुरद मातीतून फार थोडे अंतर सरकते. मुळाभोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा थर रिता झाला की पुढे मुळालाच जावे लागते. म्हणून निकस जमिनीतले रोप सावलीतल्या रोपाच्या उलट वागते. ते पानांची वाढ आवरते आणि मुळांवर जास्त खर्च करते. मूलरोम लांब आणि दाट होतात. मुळात राहणाऱ्या एका बुरशीचे तंतू त्याहून दूरवर पसरून स्फुरद आणून देतात आणि त्याबद्दल साखर घेतात. हरभऱ्याची आंब तुम्ही चाखली असेलच. ती पानावरची. पण हरभऱ्याची मुळेही सेंद्रिय आम्ले मातीत सोडतात आणि चुनखडीत अडकलेला स्फुरद थोडाथोडा सोडवून घेतात. रब्बीत आपल्या काळ्या रानात हरभरा साधतो त्यामागे हेही एक कारण असावे.

राहिल्या मुळांवरच्या गाठी. त्यांतील जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला देतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1886 साली दाखवून दिले. पण हे काम फुकट होत नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचे निदान 16 रेणू खर्ची पडतात आणि त्यासाठीही साखरच लागते. सावलीत गाठी कमी आणि लहान राहतात त्या यामुळे. आणखीही एक गंमत आहे. 2021 साली चीनमधील संशोधकांनी सोयाबीनवर दाखवले, की पानांवर उजेड पडल्यावर तिथे बनलेली काही प्रथिने मुळांपर्यंत प्रवास करतात आणि गाठी धरण्यासाठी ती लागतात. म्हणजे काळोखात असलेल्या मुळालाही वर ऊन आहे की नाही याची खबर मिळते.

आता खरी अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. जमीन निकस असेल तर मूळ वाढवावे, सावली असेल तर पान वाढवावे. मुरमाड जमिनीत झाडाखाली असलेल्या रोपाने काय करावे? दोन्हींना पुरेल एवढी साखर त्याच्यापाशी नसते. अशा जागी स्फुरदयुक्त खत घालून थोडा उपयोग होतो, कापणी उशिरा केली तर अधिक. पण माझ्या मते तिथे घास लावण्याचा हट्टच धरू नये. ओलिताची सोय असेल तर सावली सोसणारे गिनी गवत बरे. सोलापूरकडे दुष्काळात चाऱ्यासाठी छावण्या उघडाव्या लागल्या आहेत. तिथे वाफ्याचा कोपरा वाया जाणे परवडत नाही.

हे सगळे तुम्हाला मेथीवर पाहता येईल. मेथी ही लसूणघासाची जवळची नातलग. दोघांच्या गाठींतील जिवाणूही एकच. दिवाळीनंतर बुडाला भोके पाडलेले चार डबे घ्या. दोहोंत काळी माती, दोहोंत चाळलेला मुरूम भरा. चारही डब्यांत जुन्या मेथीच्या वाफ्यातील मूठभर माती मिसळा, नाहीतर मुरमात जिवाणूच नसायचे. शेणखत मात्र घालू नका. नत्र आयते मिळाले की रोप गाठींचा खर्च टाळते. प्रत्येक मातीचा एक डबा उन्हात, एक झाडाखाली ठेवा. सावलीतली माती उशिरा सुकते, तेव्हा बोट घालून पाहूनच पाणी द्या.

पाच आठवड्यांनी डबे पाण्यात बुडवून माती सैल करा. रोपे उपटू नका, गाठी तुटतात. गाठी मोजा आणि काही ब्लेडने कापा. आतून गुलाबी निघाली ती काम करणारी, पांढरी किंवा हिरवट निघाली ती निकामी. मग मुळे आणि वरचा भाग वेगवेगळे वाळवून प्रयोगशाळेच्या तराजूवर तोला. मुळांच्या वजनाला वरच्या वजनाने भागा. हा भागाकार उन्हातल्या मुरमात सर्वांत मोठा आणि सावलीतल्या काळ्या मातीत सर्वांत लहान यायला हवा. सावलीतल्या मुरमाचा आकडा काय येईल, तो अंदाज तोलण्याआधी वहीत लिहून ठेवा.