सुतार पक्षी आणि आमच्या निसर्गखोलीचा खांब



आमच्या शाळेच्या मागे एक निसर्गखोली आहे. तिच्यात बियांच्या बाटल्या, गळून पडलेली पिसे, सुगरणीचे खोपे आणि दगडांचे नमुने ठेवले आहेत. वर पत्रे आहेत. पुढच्या ओसरीला आंब्याच्या लाकडाचे दोन खांब होते. माघ महिन्यात एका खांबाला भोके दिसली. खाली भुसा पडला होता. ठक्‌ ठक्‌ आवाज यायचा. आम्ही लपून पाहिलं तर सुतार पक्षी!

काही पोरं म्हणली, गलोलीनं पाडू. मी पण घरून गलोल आणली होती, खोटं कशाला सांगू. बाईंनी ती काढून घेतली. त्या म्हणाल्या, "१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याला मारणे गुन्हा आहे. आधी त्याचा अभ्यास करा." तो अभ्यास खाली देत आहे.

सुतार पक्ष्याची माहिती

आपल्याकडे पुष्कळ जण हुदहुद पक्ष्याला सुतार म्हणतात, कारण त्याला तुरा असतो. पण हुदहुद जमीन उकरतो, लाकूड फोडत नाही. आमचा पक्षी खरा सुतार. त्याची पाठ सोनेरी आणि तुरा लाल. दुसरा एक लहान सुतार असतो. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आणि डोके पिवळसर. त्याला 'मराठा सुतार' म्हणतात. १८०१ साली लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने त्याच्या शास्त्रीय नावात आपल्या मराठ्यांचे नाव घातले.

सुताराच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात, म्हणून तो उभ्या खोडाला धरून बसतो. शेपटी ताठ असते. ती टेकू देते. जीभ लांब आणि चिकट. तिची हाडे कवटीच्या मागून वळून वर जातात. मुंग्या, वाळवी, अळ्या हे त्याचे खाणे. एवढे ठोके मारून त्याचे डोके कसे दुखत नाही? पूर्वी वाटायचे की त्याच्या कवटीत गादीसारखा भाग आहे. २०२२ साली बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की तसे नाही. त्याचे डोके हातोडीसारखे घट्ट असते, पण मेंदू फार लहान असल्यामुळे इजा होत नाही.

सुताराने माणसाचे काम अडवल्याची मोठी गोष्ट अमेरिकेत घडली. १९९५ साली डिस्कव्हरी हे अंतराळयान उडायला तयार होते. सुतार पक्ष्यांनी इंधनाच्या टाकीवरील फोममध्ये सुमारे २०० भोके पाडली. यान परत आत नेऊन दुरुस्त केले. जूनचे उड्डाण १३ जुलैला झाले. मग तिथे प्लॅस्टिकची घुबडे बसवली.

दोष कोणाचा?

गावातले सुतारकाका आले. त्यांनी खांबात पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली! आत सगळी वाळवी. काका म्हणाले, "ह्यानं खांब खाल्ला न्हाई. खाल्लेला खांब ह्यानं दावला."

घरी सांगितलं तर आज्जी गप्प बसली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर पडली. आज्जीची धाकटी बहीण त्यात गेली. आज्जी म्हणली, "लेकरा, पाखरानं सांगितलं तर ऐकावं. आम्हाला कुणी सांगितलं न्हाई."

त्या दिवसापासून मी गलोल परत मागितली नाही.

दुरुस्तीचे पैसे

दुसऱ्या खांबालाही वाळवी होती. दोन्ही बदलायचे ठरले. पण वरच्या मोठ्या भोकातून पिल्लांचा आवाज येत होता. म्हणून बल्लीचा टेकू लावला, खोली बंद केली आणि तोपर्यंत पैसे जमवले. पिल्ले सुमारे २० दिवसांत उडतात असं वाचलं होतं. मी फळ्याच्या कडेला रोज एक रेघ मारायचो. सतराव्या रेघेला भोक रिकामं झालं.

आमच्या कब-बुलबुलांनी 'खरी कमाई' केली. म्हणजे काम करून पैसे मिळवायचे, फुकट मागायचे नाहीत. इंग्लंडमधील स्काउटनी १९४९ साली असाच कामाचा आठवडा सुरू केला होता. आम्ही अंगणं झाडली, शेंगा फोडल्या, चिंचा वेचल्या. बालआनंद मेळाव्यात माझ्या गटाने सुशीला विकला. तो अर्ध्या तासात संपला.

जमा
खरी कमाई : १,२४० रुपये
चिंचा विकून : ८६० रुपये
बालआनंद मेळावा : १,६७५ रुपये
गावकऱ्यांची वर्गणी : १,५०० रुपये
एकूण : ५,२७५ रुपये

खर्च
बाभळीचे दोन खांब : २,४०० रुपये
सिमेंट : ४०० रुपये
वाळवीचे औषध : ३५० रुपये
डांबर : १५० रुपये
खिळे : २२५ रुपये
मजुरी : १,२०० रुपये
एकूण : ४,७२५ रुपये
शिल्लक : ५५० रुपये

शिल्लक पैशातून पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी घेणार आहोत. खांबाचा जमिनीतला भाग डांबर लावून पुरला. वर चकचकीत पट्ट्या बांधल्या, म्हणजे पक्षी बिचकतो.

जुन्या खांबाचा भोकाचा तुकडा आम्ही फेकला नाही. तो कडुलिंबाला बांधला. सुतार पक्ष्याच्या सोडलेल्या भोकात पोपट, साळुंकी, पिंगळा असे पक्षी घर करतात. त्यांना स्वतःला भोक पाडता येत नाही. परवा तिथे साळुंकी काडी घेऊन आली.

स्वाध्याय
१. हुदहुद व सुतार यांतील फरक सांगा.
२. तुमच्या घरातील खांब व वासे वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर मोठ्यांना सांगा.
३. 'खरी कमाई' आणि वर्गणी यांत फरक काय?

— इयत्ता चौथी