कळ फिरविण्यापूर्वीं

शाळेच्या पटावर चाळीस नांवें असावींत आणि गुणपत्रकांत एकेचाळिसाव्या क्रमांकाचे गुण आढळावे, तर ते गुण कोणाचे समजावयाचे? संगणकावरील नोंदवहींत असा घोटाळा होऊं नये म्हणून पटावर नसलेल्या क्रमांकाचे गुण स्वीकारूं नयेत, असा नियम घालतां येतो. यास ‘फॉरेन की’चा नियम म्हणतात. हा नियम पाळावयाचा कीं नाहीं, हें ठरविणाऱ्या कळेचा आज आपण विचार करूं.

एसक्यूलाइट हें माहिती सांठविण्याचें साधन रिचर्ड हिप यांनीं सी भाषेंत रचिलें. तें २००० सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. तें दुसऱ्या प्रोग्रामाच्या पोटांत राहून काम करतें. त्याच्या कांहीं कळा साधन सुरू होण्यापूर्वींच फिरवाव्या लागतात; कांहीं मात्र काम चालू असतांही फिरवितां येतात. वरील नियमाची कळ या दुसऱ्या प्रकारची आहे.

अशा अनेक कळांची स्थिति एकाच संख्येंत ठेवण्याची युक्ति विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावी. पहिल्या कळेस १, दुसरीस २, तिसरीस ४, चौथीस ८ असे अंक द्यावे. संख्या ५ असेल तर पहिली व तिसरी चालू आहे. दुसरी चालू करावयाची तर २ मिळवून ७ होतात. परंतु ती आधींच चालू असतां पुन्हा २ मिळविले तर ९ होतात, म्हणजे दुसरी व तिसरी बंद पडून चौथी भलतीच चालू होते! म्हणून सी भाषेंत बेरीज न करितां ‘अथवा’ ही क्रिया योजितात. तिनें ७ चे ७ च राहतात. त्याचप्रमाणें नुसते २ लिहिल्यास इतर सर्व कळा बंद होतील, हेंही ध्यानांत ठेवावें.

एसक्यूलाइटमध्यें ही संख्या आपण हातानें बदलीत नाहीं. त्यासाठीं नेमलेल्या फंक्शनास सांगतों. १ दिल्यास कळ चालू होते, ० दिल्यास बंद. ऋण संख्या दिल्यास ती हलत नाहीं, केवळ तिची स्थिति कळते. ‘प्रॅग्मा’ नांवाच्या आज्ञेनेंही ही कळ फिरते. मात्र एखादा व्यवहार अर्धवट असतां ती आज्ञा दिल्यास कळ फिरत नाहीं व तक्रारही येत नाहीं. सबब आज्ञा दिल्यावर स्थिति वाचून पाहावी.

ही कळ नोंदवहींत लिहिली जात नाहीं. ती प्रत्येक जोडणीपुरती असते, आणि सामान्यतः आरंभीं बंदच असते. यास्तव दर नव्या जोडणीस ती चालू केली पाहिजे. पुष्कळ नोंदी एकदम भरावयाच्या म्हणून ती कांहीं काळ बंद ठेवणें झाल्यास पूर्वींची स्थिति टिपून ठेवावी, आणि काम संपतांच तीच स्थिति परत आणावी.

तरीही एक गोष्ट उरते. कळ पुन्हा चालू केल्यानें मध्यंतरीं शिरलेल्या चुकीच्या नोंदी आपोआप सांपडत नाहींत. त्यांसाठीं ‘फॉरेन की चेक’ ही निराळी आज्ञा देऊन सर्व वही तपासावी लागते. पहारेकरी दारावर परतला, तरी त्याच्या मागें आंत शिरलेल्यांस शोधण्यास घर धुंडाळावेंच लागतें.