काळी चौकट आणि विंचवाची नांगी

अगं, तुझी कथा वाचली. चांगली आहे, म्हणूनच मनातलं सांगते. आजी जाते त्या परिच्छेदात तू हुंदके, काळोख, पोकळी सगळं एकदम ओतलंस. वाचणाऱ्याला रडायला जागाच उरली नाही. यावर लेखनकलेची पुस्तकं शोधत बसू नकोस. ग्राफिक नॉव्हेल वाच. चित्रं आहेत म्हणजे पोरांचं काहीतरी, असं समजून बाजूला सारू नकोस हं.

मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’ घे. इराण-इराक युद्धातलं तेहरान. शेजारचं घर क्षेपणास्त्राने जमीनदोस्त झालंय, आणि त्या ढिगाऱ्यात छोट्या मार्जीला मैत्रिणीचं फिरोजी कडं दिसतं. ती चेहरा झाकून घेते. पुढच्या चौकटीत चित्रच नाही, नुसता काळा रंग. इतकी पानं चित्रांतून बोलणारी बाई नेमकी तिथे हात आवरते. मी ते पान कितीदा पाहिलं असेल, अजून पटकन उलटवत नाही.

हे कसं घडतं ते स्कॉट मॅक्लाउडने ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये (1993) दाखवलंय, तेही चित्रांतूनच. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. वार कुठेच काढलेला नाही; तो होतो मधल्या कोऱ्या पट्टीत, आणि करतो आपण, वाचणारे. तुझ्याही दोन परिच्छेदांमध्ये तशी पट्टी असते गं. तू मात्र ती ‘त्यानंतर’, ‘दरम्यान’, ‘तिला जाणवलं की’ यांनी भरून टाकतेस.

आणि संवाद! त्यासाठी ‘भीमायन’ वाचायलाच हवं. 2011 साली दिल्लीच्या नवयानने काढलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. बाबासाहेबांच्या आयुष्यातले अपमानाचे प्रसंग: शाळेतली तहान, मसूर स्टेशनावर ताटकळलेली भावंडं, बडोद्यात न मिळालेला निवारा. आपल्याला हे प्रसंग ठाऊक असतात, पाठही असतात. तरीही इथे ते नव्याने बोचतात. व्याम दांपत्याने सरळ चौकटी मोडून टाकल्या आणि बोलण्याच्या फुग्यांनाच रूप दिलं. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचं विष असलेल्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. ‘तो तिरस्काराने म्हणाला’ असं कुणी सांगावं लागत नाही. तुझ्याकडे नांगी काढायला कुंचला नाही, म्हणून ती वाक्यातच हवी. माणूस कोणता शब्द निवडतो, कुणाला ‘अरे’ म्हणतो, कुणाचं नावच घेत नाही, यातून ती दिसू दे. तुझ्या कथेतले काका आणि डॉक्टर दोघं एकाच आवाजात बोलतात, बघ पुन्हा एकदा.

‘माउस’ मात्र लगेच उघडू नकोस. छळछावणीतून वाचलेला बाप व्यायामाची सायकल मारत मुलाला ते दिवस सांगतोय, आणि मधूनच आजच्या कटकटींवर घसरतोय. आठवण आणि वर्तमान असे एकत्र विणायचे कसे, ते आर्ट स्पीगलमनकडून शिकावं, पण सवडीने, मन थाऱ्यावर असताना.

सुरुवात ‘भीमायन’ने कर. पहिल्यांदा गोष्टीसाठी वाच. दुसऱ्यांदा मजकुरावर हात ठेवून फक्त चित्रं बघ, आणि काय काय न सांगता कळलं ते वहीत लिहून काढ.