‘मास्क लावला होता, तरी कोरोना कसा झाला?’ : पाचवीच्या वर्गातला एक प्रश्न



पाचवीच्या परिसर अभ्यासातला संसर्गजन्य रोगांचा पाठ शिकवत होते. हवेतून पसरणारे रोग, पाण्यातून पसरणारे रोग असा तक्ता फळ्यावर काढला, ‘मास्क वापरावा’ हे वाक्य लिहिलं आणि पुढे जाणार, तेवढ्यात मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमचे आजोबा मास्क लावायचे. मग त्यांना कोरोना कसा झाला?"

मी पटकन म्हणून गेले, "नीट लावला नसेल बाळा." ती खाली बसली.

घरी आल्यावर ते वाक्य मला टोचत राहिलं. तिचे आजोबा २०२१ च्या जूनमध्ये गेले. ते दिवस कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नकोत. राज्यात पाच स्तर ठरवून निर्बंध उठवायला सुरुवात झाली तेव्हा आपला जिल्हा चौथ्या स्तरावर अडकला होता. अशा काळात गेलेल्या माणसावर मी काहीही माहिती नसताना दोष ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा घेतला, दोन तासिका गेल्या. काय घेतलं ते इथे देते. तुमच्या वर्गातही हा प्रश्न कधीतरी येणारच.

मोठ्या माणसांत या विषयावर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, मास्कमुळेच वाचलो. दुसरीचं म्हणणं आमच्या एका पालकांनी मला गेटवरच ऐकवलं : "काय उपयोग न्हाई बगा मॅडम. मच्छरदाणीतनं चिलट जातंय, तसा विषाणू त्या कापडातनं आरपार जातोय."

ही मच्छरदाणीची उपमा सोपी आहे, म्हणूनच ती सगळीकडे फिरली. मास्क म्हणजे चाळणी, असं आपण गृहीत धरतो. सुती कापडाच्या बाबतीत ते थोडंफार खरंही आहे. इचलकरंजीच्या मागावर विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक चौकोनी भोकं राहतात. पण सर्जिकल मास्कचा मधला थर आणि एन-९५ चं गाळणारं कापड विणलेलं नसतंच. शेवयांचा वाळलेला गुंता डोळ्यांसमोर आणा, तसा अतिसूक्ष्म तंतूंचा तो जाड थर असतो. कणाला त्यातून वळणं घेत जावं लागतं. मोठा कण वळणावर वळू शकत नाही, तंतूवर आदळून चिकटतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतो आणि तोही कुठेतरी चिकटतो. पकडायला सगळ्यात अवघड असतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. म्हणून एन-९५ ची परीक्षा त्याच आकाराच्या आसपासच्या कणांवर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के अडले तरच तो पास. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा खरा, पण तो सुटा उडत नाही. थुंकीच्या, श्वासातल्या ओलाव्याच्या कणांत बसून येतो.

शिवाय या तंतूंवर विद्युतभार असतो. तो समजावायला कंगवा पुरे. कोरड्या केसांवर घासा, कागदाच्या कपट्यांजवळ न्या, कपटे उडी मारून चिकटतात. मग तोच कंगवा साबणाच्या पाण्यात बुडवून पुन्हा करून दाखवा. काही होत नाही. २०२० मध्ये आपल्यापैकी कितीजणांनी एन-९५ साबणाने धुऊन दोरीवर वाळत घातला होता? मी घातला होता.

मेणबत्तीचा प्रयोग मात्र करू नका. मास्क लावून फुंकर मारा, विझली नाही तर मास्क चांगला, असा व्हिडिओ तेव्हा सगळ्या ग्रुपवर होता. त्यात फुंकरीचा जोर कळतो, कण किती अडले ते कळत नाही. प्लास्टिकची पिशवीही त्या परीक्षेत पहिली येईल.

नावांचा घोळही इथेच मिटवून टाका. सर्जिकल मास्क मुळात आला तो डॉक्टरांची थुंकी रुग्णाच्या जखमेत पडू नये म्हणून. एन-९५ हा रेस्पिरेटर, तो घालणाऱ्याचं रक्षण करण्यासाठी आहे. कारखान्यांत धुळीपासून बचावासाठीही तो वापरतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांचे पालक कामाला आहेत त्या मुलांना हे लगेच कळतं. आणि ज्या एन-९५ ला पुढे बटणासारखी झडप असते, त्यातून सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो. म्हणजे घालणारा सुरक्षित, समोरचा नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून अशा झडपेच्या मास्कबद्दल सावध केलं होतं. पुढे ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली : साधा तीन थरांचा ४ रुपये, एन-९५ प्रकारानुसार १९ ते ५० रुपयांच्या आत. तोपर्यंत बहुतेक घरांत कापडीच मास्क होते.

आता गणित. हे मुलांना फार आवडलं. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत, हे आधी सांगा. हवेतले १०० कण नाकाकडे येत आहेत. मास्कचं कापड १०० पैकी ९५ अडवतं. पण गालाजवळ फट आहे आणि २० कण तिथूनच आत जातात. उरले ८०. त्यातले ५ टक्के म्हणजे ४ कापडातून जातात. एकूण २४. कापड ९५ चं, पण संरक्षण ७६ चं. फट आहे की नाही ते चष्म्यावर वाफ धरते का यावरून कळतं. (दाढीवर तर रेस्पिरेटर बसतच नाही. मिशा चालतात, पण कोल्हापुरी पीळ मास्कच्या कडेबाहेर गेला की फट पडली.)

पुढचं गणित वेळेचं. माणूस १० तास बाहेर आहे, तासाला १०० कण. ८ तास मास्क लावला : ८ गुणिले २४ म्हणजे १९२. चहाला, जेवणाला मिळून २ तास काढला : २००. दोन तासांत आठ तासांपेक्षा जास्त! वर्गात एकदम गलका झाला. एकाने विचारलं, समोरच्यानेही मास्क लावला तर? त्याचा मास्क निम्मे कण अडवतो असं धरा, मग सगळेच आकडे निम्मे.

हे गणित कळलं की जगभरचे अभ्यास उलटसुलट का वाटतात तेही कळतं. डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे ६,००० लोकांवर अभ्यास झाला. मास्क वापरायला सांगितलेल्यांत १.८ टक्के आणि इतरांत २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला. फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो. पण सांगितल्याप्रमाणे मास्क निम्म्याहून कमी लोकांनीच वापरला होता, आणि समोरच्याला काही फायदा झाला का हे त्यात मोजलंच नव्हतं. बांगलादेशात ६०० गावांत सुमारे ३,४०,००० प्रौढांवर अभ्यास झाला. मास्क वाटून, समजावून वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला कोरोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी दिसला, साठीपुढच्या लोकांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा मात्र नक्की सिद्ध झाला नाही. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेचा आढावा आला आणि ‘मास्क निरुपयोगी’ अशा बातम्या झाल्या, तेव्हा त्यांच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की निष्कर्ष अनिर्णित आहे, तसा अर्थ काढू नका.

माझं मत विचाराल तर, हे अभ्यास ‘मास्क लावा असं सांगितल्यावर काय होतं’ ते मोजतात. ‘नीट बसलेला मास्क सतत लावला तर काय होतं’ हा वेगळा प्रश्न आहे. दवाखान्यात क्षयरोग्याजवळ जाताना मी नीट बसणारा एन-९५ च लावीन. शाळेच्या मैदानावर लावणार नाही. सर्दी-खोकल्याच्या मुलाला मास्क लावून शाळेत पाठवण्यापेक्षा दोन दिवस घरी ठेवा, असं पालकांना सांगते.

तासिकेच्या शेवटी त्या मुलीला जवळ बोलावलं. म्हटलं, काल मी चुकीचं बोलले. आजोबांनी मास्क नीटच लावला असेल. कापडी मास्क फार थोडं अडवतो, आणि घरात तर कुणीच मास्क लावत नाही. त्यांना कुठून लागण झाली हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तिने वही उघडून गणित दाखवलं. ८ तासांच्या जागी तिने १० लिहिले होते, चहाचे २ तास खोडून टाकले होते. "मॅडम, आजोबा चहा प्यायचे न्हाईत," ती म्हणाली, "तरी दोनशे चाळीस उरतातच."